मॅन पेज सापडत नाही तेव्हा : मुक्त ऑपरेटिंग सिस्टिममधील गायब पुस्तिका आणि परवान्यांच्या अटी

शिरूर आणि दौंड तालुक्यांतील महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असून तेथील संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सी भाषेची प्रात्यक्षिके बहुधा लिनक्सवर आणि जीसीसी हा कंपायलर वापरून करावी लागतात. त्यामुळे एकच शंका प्रत्येक नव्या तुकडीबरोबर पुन्हा उभी राहते. प्रोग्राम कंपाइल होतो, चालतोही. परंतु जीसीसीची माहिती पाहण्यासाठी ‘मॅन जीसीसी’ ही कमांड दिली की पडद्यावर ‘नो मॅन्युअल एंट्री फॉर जीसीसी’ एवढेच उमटते, आणि शेजारच्या उबंटू असलेल्या संगणकावर मात्र तीच कमांड पानेच्या पाने दाखवते. यावरून इन्स्टॉलेशन बिघडले आहे, कॉपी चोरीची आहे, किंवा पुस्तिका पैसे भरल्याशिवाय मिळत नाही, असे तीन निष्कर्ष काढले जातात आणि तिन्ही चुकीचे असतात. खरे कारण कोणते हे ओळखण्याची, पुस्तिका मिळवण्याची आणि ती वाटताना किंवा मराठीत आणताना कोणत्या अटी पाळाव्या लागतात हे ठरवण्याची रीत पुढे दिली आहे. कमांड आणि पॅकेजची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली असली, तरी टर्मिनलवर ती वाचकांनी इंग्रजी लहान लिपीतच टाइप करावीत.

आधी कारण ओळखावे

मॅन पेज म्हणजे एखाद्या कमांडची किंवा फंक्शनची संगणकातच साठवलेली माहितीपुस्तिका. ती न दिसण्यामागे दर वेळी परवान्याचा वाद असतोच असे नाही. उलट बहुतेक तक्रारी पुढील साध्या कारणांपाशीच मिटतात, म्हणून त्या क्रमाने तपासाव्यात.

- विभाग चुकला आहे. ‘मॅन प्रिंटएफ’ दिल्यावर शेलमधील प्रिंटएफ कमांडचे पान येते, सी भाषेतील फंक्शनचे येत नाही. फंक्शने तिसऱ्या विभागात आणि फोर्कसारखे सिस्टिम कॉल दुसऱ्या विभागात असतात, म्हणून ‘मॅन ३ प्रिंटएफ’ किंवा ‘मॅन २ फोर्क’ असे लिहावे.
- कमांड शेलच्या पोटातली आहे. ‘सीडी’ हा स्वतंत्र प्रोग्राम नसून बॅश शेलचाच भाग आहे. त्याची माहिती ‘हेल्प सीडी’ने मिळते.
- पॅकेज घेतलेलेच नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या विभागाची पाने डेबियन व उबंटूमध्ये ‘मॅनपेजेस-डेव्ह’ या वेगळ्या पॅकेजमध्ये असतात. ते मुक्त आहे, फक्त आपोआप येईलच असे नाही.
- सिस्टिम मुद्दाम लहान केलेली आहे. सर्व्हरसाठीच्या किंवा कंटेनरमधील उबंटूच्या छोट्या आवृत्त्यांतून जागा वाचवण्यासाठी मॅन पेजेस वगळलेली असतात आणि लॉगिन करताच ‘सिस्टिम मिनिमाइझ केली आहे’ अशा अर्थाचा संदेश येतो. तेथे ‘अनमिनिमाइझ’ ही कमांड द्यावी. काही नव्या आवृत्त्यांत ती आधी पॅकेज म्हणून घ्यावी लागते.

शेवटच्या प्रकारात एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. या छोट्या आवृत्त्या पुस्तिका टाकून देतात, पण प्रत्येक पॅकेजच्या डॉक फोल्डरातील ‘कॉपीराइट’ नावाची फाइल मात्र राखून ठेवतात, कारण परवान्याचा मजकूर प्रतीबरोबर असणे ही बंधनकारक बाब आहे. पुढील प्रत्येक निर्णयासाठी वाचकांना हीच फाइल उघडावी लागेल.

ही चारही कारणे नसतील, संगणकावर डेबियन किंवा सी-डॅकच्या बॉससारखी डेबियनवर आधारित प्रणाली असेल आणि हरवलेली पुस्तिका जीसीसी, मेक, जीडीबी, ईमॅक्स किंवा जीलिबसी यांपैकी एखाद्याची असेल, तर मात्र ती परवान्यामुळे बाजूला ठेवलेली आहे असे समजावे.

डेबियनने या पुस्तिका का काढल्या

निर्णयापुरते कारण एवढेच आहे. जीएनयू प्रकल्पाच्या पुस्तिका ‘जीएनयू फ्री डॉक्युमेंटेशन लायसन्स’ या २००० साली आलेल्या परवान्याखाली दिल्या जातात. हा परवाना पुस्तिकेची नक्कल, विक्री आणि बदल यांना मोकळीक देतो, परंतु लेखकाला काही प्रकरणे ‘अपरिवर्तनीय’ म्हणून जाहीर करण्याची मुभाही देतो, आणि तशी जाहीर केलेली प्रकरणे पुढच्या कोणालाही बदलता किंवा वगळता येत नाहीत. जीसीसीच्या पुस्तिकेत मुक्त सॉफ्टवेअरसाठी निधी उभारण्याविषयीचे प्रकरण असे राखीव आहे. डेबियनच्या १९९७ पासूनच्या निकषांनुसार जे बदलता येत नाही ते मुक्त नव्हे. २००४ मध्ये हे निकष प्रोग्रामप्रमाणेच पुस्तिकांनाही लागू असल्याचे स्पष्ट करण्यात आले आणि मार्च २००६ मधील सदस्यांच्या मतदानात असे ठरले की, या परवान्याखालील ज्या पुस्तिकांत अपरिवर्तनीय भाग नाही त्या मुक्त मानाव्यात आणि ज्यांत तो आहे त्या मुख्य संग्रहाबाहेर ठेवाव्यात. उबंटूने ही कसोटी लावली नाही; म्हणूनच तेथे जीसीसीचे मॅन पेज कंपायलरबरोबरच येते.

या वादात दोन्ही बाजू मुक्त सॉफ्टवेअरच्याच आहेत आणि त्यातील विसंगती लपत नाही. जीडीबीच्या पुस्तिकेतील एका राखीव प्रकरणाचा विषयच मुळी मुक्त सॉफ्टवेअरला मुक्त पुस्तिका हव्यात हा आहे. डेबियनमध्ये जीएनयू प्रकल्प सुरू करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांच्या नावाने ‘व्हीआरएमएस’ म्हणजे ‘आभासी रिचर्ड स्टॉलमन’ असा एक छोटा प्रोग्राम होता, जो संगणकावरील अमुक्त पॅकेजची यादी देत असे आणि त्या यादीत स्टॉलमन यांच्याच प्रकल्पाच्या पुस्तिका येत. तत्त्व म्हणून डेबियनची भूमिका सुसंगत आहे. परंतु तिची किंमत नव्या विद्यार्थ्याला मोजावी लागते, आणि ‘पुस्तिका अमुक ठिकाणी आहे’ एवढी एक ओळसुद्धा त्या रिकाम्या संदेशात नसावी, हा दोष तत्त्वाचा नसून निष्काळजीपणाचा आहे.

‘नॉन-फ्री’ म्हणजे बेकायदा नव्हे आणि विकतचेही नव्हे

डेबियनचा संग्रह विभागलेला आहे. ‘मेन’मध्ये निकषांत बसणारी पॅकेजेस असतात, ‘नॉन-फ्री’मध्ये निकषांत न बसणारी, पण वितरणाची परवानगी असलेली, आणि ‘काँट्रिब’मध्ये स्वतः मुक्त असलेली, पण नॉन-फ्रीवर विसंबणारी. नॉन-फ्री विभाग डेबियनचा औपचारिक भाग मानला जात नाही, तरी डेबियनच्याच सर्व्हरवरून तो विनामूल्य मिळतो. तेथील पुस्तिका स्वतःच्या किंवा लॅबच्या संगणकावर घेऊन वाचण्यात कोणताही कायदेभंग नाही. मात्र या विभागातील प्रत्येक पॅकेजच्या अटी वेगळ्या असल्यामुळे एकाची मोकळीक दुसऱ्याला लागू धरू नये.

पुस्तिका मिळवण्याची रीत

१. ईटीसी फोल्डरातील एपीटी या उपफोल्डरात ‘सोर्सेस’ नावाने सुरू होणारी फाइल प्रशासकाच्या अधिकाराने उघडावी. जुन्या पद्धतीच्या फाइलमध्ये ‘मेन’ हा शब्द ओळीच्या शेवटाकडे असतो, नव्या पद्धतीच्या फाइलमध्ये ‘कंपोनंट्स’ अशी वेगळी ओळ असते.

२. त्या ओळीत ‘मेन’पुढे ‘काँट्रिब’ आणि ‘नॉन-फ्री’ हे दोन्ही शब्द जोडावेत. जीसीसीचे ‘जीसीसी-डॉक’ पॅकेज काँट्रिबमध्ये आणि त्याचा प्रत्यक्ष मजकूर नॉन-फ्रीमध्ये असल्याने एकच शब्द जोडून काम भागत नाही.

३. ‘एपीटी अपडेट’ करून हवे ते पॅकेज इन्स्टॉल करावे. जीसीसीसाठी ‘जीसीसी-डॉक’, मेकसाठी ‘मेक-डॉक’, जीडीबीसाठी ‘जीडीबी-डॉक’, जीलिबसीसाठी ‘जीलिबसी-डॉक-रेफरन्स’, ईमॅक्ससाठी ‘ईमॅक्स-कॉमन-नॉन-डीएफएसजी’. आणि थ्रेड्सच्या प्रात्यक्षिकांत लागणाऱ्या पीथ्रेड फंक्शनांच्या पॉझिक्स पानांसाठी ‘मॅनपेजेस-पॉझिक्स-डेव्ह’.

दुसऱ्या पायरीवर हमखास फसगत होते. ऑक्टोबर २०२२ मधील मतदानानंतर डेबियनने वायफाय कार्डासारख्या भागांना लागणाऱ्या फर्मवेअरसाठी, म्हणजे हार्डवेअरमध्ये भरल्या जाणाऱ्या छोट्या प्रोग्रामसाठी, ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा स्वतंत्र विभाग केला आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून इन्स्टॉलर तो आपणहून सुरू करतो. ओळीत ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ दिसते म्हणून नॉन-फ्री सुरू आहे असा समज होतो. परंतु हे दोन विभाग वेगळे असून पुस्तिका फर्मवेअरच्या विभागात नसतात.

पुस्तिकेची आवृत्ती कंपायलरच्या आवृत्तीशी जुळते का, हेही पाहावे, कारण नॉन-फ्रीमधील पॅकेजेस कधी कधी मागे राहतात आणि मग पुस्तिकेत नसलेला पर्याय कंपायलर स्वीकारतो.

घरी इंटरनेट नसलेल्या विद्यार्थ्यांनी महाविद्यालयातील जोडणीवर ‘एपीटी डाउनलोड’ या कमांडने पॅकेजच्या फाइल उतरवून पेनड्राइव्हवर न्याव्यात. मात्र ‘जीसीसी-डॉक’ हे केवळ दुसऱ्या पॅकेजकडे बोट दाखवणारे पॅकेज आहे, खरा मजकूर आवृत्तीचा आकडा नावात असलेल्या पॅकेजमध्ये असतो, त्यामुळे दोन्ही उतरवावीत. जीएनयूच्या पुस्तिकांची अशी जशीच्या तशी नक्कल मित्राला देण्याची परवानगी परवान्यातच आहे.

झेरॉक्स काढून वर्गात वाटायची असल्यास

कागदावरची प्रत ही जीएनयूच्या या परवान्याच्या भाषेत ‘अपारदर्शक’ प्रत, म्हणजे सहज संपादित न करता येणारी. तर मूळ मजकुराची संपादनयोग्य फाइल ही ‘पारदर्शक’ प्रत. कितीही प्रती काढल्या तरी कॉपीराइटची सूचना आणि परवान्याचा संपूर्ण मजकूर सोबत असावाच लागतो. शेवटची पाने फुकट जातात म्हणून झेरॉक्सवाला ती गाळतो, आणि नेमकी तीच गाळता येत नाहीत. छापील प्रती १०० हून अधिक असतील तर आणखी दोन अटी लागू होतात: पुस्तिकेने नेमून दिलेला मुखपृष्ठ व मलपृष्ठावरील मजकूर छापावा लागतो, आणि पारदर्शक प्रत सोबत द्यावी लागते किंवा ती इंटरनेटवर कोठे मिळेल हे नमूद करावे लागते. प्रतीचे पैसे घेण्यास हरकत नाही. पीडीएफला पासवर्ड घालून ती वाटणे मात्र टाळावे, कारण वाचनावर किंवा पुढील नकलेवर तांत्रिक अडथळा आणण्यास हा परवाना मनाई करतो.

परवान्याखेरीज भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ हाही वाचकांच्या बाजूने काही देतो. कलम ५२ मध्ये, शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली नक्कल हक्कभंग ठरत नाही असे म्हटले आहे, आणि दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्स दुकानाच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने डिसेंबर २०१६ मध्ये या तरतुदीचा अर्थ अभ्यासक्रमाच्या गरजेपुरत्या वेच्यांच्या बाजूने लावला. प्रोग्रामपुरते बोलायचे तर, कायदेशीर प्रत हाती असलेल्याला राखीव प्रत करण्याचा आणि प्रोग्रामचे कार्य पाहून-तपासून त्यामागची तत्त्वे समजून घेण्याचा अधिकार त्याच कलमात आहे. वर्गाबाहेर विकण्याच्या पुस्तकाला हे संरक्षण पुरेल असे धरून चालू नये. तेथे परवान्याच्या अटीच पाळाव्यात.

मराठी पुस्तिका तयार करायची असल्यास

मॅन पेजेसच्या भाषांतरांची पॅकेजेस डेबियनमध्ये जर्मन, फ्रेंच, पोलिश अशा अनेक भाषांत आहेत, मराठीचे नाही. ही उणीव भरून काढण्याचा विचार करणाऱ्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी कामाला हात घालण्याआधी मूळ पुस्तिकेची निवड परवाना पाहून करावी, कारण शंभर पाने मराठीत आणल्यावर अडचण लक्षात आली तर मागे फिरता येत नाही.

जीसीसीची पुस्तिका निवडल्यास तिचे भाषांतर करता येते, परंतु निधीविषयीचे राखीव प्रकरण इंग्रजीत जसेच्या तसे ठेवावे लागते. त्याचे मराठी भाषांतर मुळाबरोबर जोडता येते, मुळाऐवजी घालायचे तर हक्कधारकांची खास परवानगी लागते. परवान्याचे मराठी भाषांतर दिले तरी इंग्रजी मूळ सोबत हवेच आणि दोहोंत फरक पडल्यास इंग्रजीच ग्राह्य धरले जाते. नव्या पुस्तिकेला मुळाहून वेगळे शीर्षक द्यावे लागते, बदल करणाऱ्यांची नावे लिहावी लागतात आणि पूर्वइतिहासाचे प्रकरण पुढे चालवावे लागते. भाषांतरकाराला आपल्या शब्दांवर हक्क मिळतो, पण ते शब्द त्याच परवान्याखाली खुले करण्याचे बंधनही येते.

त्यापेक्षा पुढील पर्याय सोपे आहेत.

- बॅशची संदर्भपुस्तिका. परवाना तोच, पण त्यात अपरिवर्तनीय भाग किंवा ठरावीक मुखपृष्ठ-मजकूर नाही, म्हणून ती डेबियनच्या मुख्य संग्रहातच आहे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना तिचाच उपयोग अधिक.
- डेबियन प्रशासकाची हस्तपुस्तिका. राफाएल हर्ट्झोग आणि रोलां मास यांचे हे पुस्तक वाचकांच्या वर्गणीतून २०१२ मध्ये मुक्त झाले आणि जीपीएल (जीएनयूचा प्रोग्रामसाठीचा परवाना) व क्रिएटिव्ह कॉमन्स अशा दुहेरी परवान्याखाली मिळते.
- आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल. लिनक्स आणि सी भाषेचे धडे येथे मराठी निवेदनासह आधीच तयार आहेत आणि त्यांचा परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा, नाव देऊन त्याच अटींवर पुढे वाटण्याचा आहे. नवे भाषांतर हाती घेण्याआधी हे पाहून घेणे श्रेयस्कर.

या स्रोतांची सरमिसळ मात्र करू नये. क्रिएटिव्ह कॉमन्सखालील धडा आणि जीएनयूची पुस्तिका यांतील परिच्छेद एकत्र विणून एकच ग्रंथ केला तर दोन्ही परवाने आपापल्या अटींवरच पुढे जा असे सांगतात, आणि दोहोंचे पालन एकाच वेळी होत नाही. मराठी विकिपीडियाचा मजकूरही २००९ पर्यंत जीएनयूच्याच परवान्याखाली होता आणि तो क्रिएटिव्ह कॉमन्सकडे वळवण्यासाठी परवान्याच्याच नव्या आवृत्तीत खास वाट करून द्यावी लागली. अशी वाट एखाद्या महाविद्यालयाच्या पुस्तिकेसाठी कोणी करून देणार नाही.

फाँटचाही परवाना असतो, हे छपाईच्या वेळी आठवते. शिरूर-दौंडकडील डीटीपी केंद्रांत रूढ असलेली श्रीलिपी ही पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची, विकत घ्यावयाची प्रणाली आहे. त्याच कंपनीने पुरवलेले फाँट रेड हॅटने २००४ मध्ये ‘लोहित’ या नावाने जीपीएलखाली मुक्त केले. जीपीएल हा प्रोग्रामसाठी लिहिलेला परवाना असल्याने फाँट पीडीएफमध्ये अंतर्भूत झाला तर दस्तऐवजावर काही बंधन येते का, अशी शंका त्यातून निघे. २०११ मध्ये लोहित फाँट खास फाँटसाठी लिहिलेल्या ‘ओपन फाँट लायसन्स’खाली आल्यावर ती उरली नाही, कारण फाँट वापरून केलेल्या दस्तऐवजाला या परवान्याची अट लागत नाही. फाँट एकटाच विकण्यास तेवढी मनाई आहे.

दुकानातून किंवा कारखान्यासाठी घेताना

लिनक्स घातलेला जुना लॅपटॉप विकणाऱ्याने प्रत करून देण्याचे, इन्स्टॉल करण्याचे किंवा देखभालीचे पैसे घेणे नियमाला धरून आहे. मात्र पावतीवर ‘लायसन्स फी’ म्हणून रक्कम लावली असेल तर ती कोणाच्या परवान्याची, असे लेखी विचारावे. डेबियन किंवा उबंटू वापरण्यासाठी असे शुल्क नसते. जीपीएलखालील प्रोग्रामची प्रत ज्याला मिळाली त्याला सोर्स कोड मागण्याचा हक्क आहे, आणि हीच बाजू उलटून रांजणगाव किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत लिनक्सवर चालणारी यंत्रे जुळवून विकणाऱ्या लघुउद्योजकांवर जबाबदारी म्हणून येते: यंत्राबरोबर परवान्यांचे मजकूर आणि सोर्स कोड, किंवा तो देण्याचे लेखी आश्वासन, द्यावे लागते. परवान्यांची ही दगदग नको म्हणून चोरीच्या सॉफ्टवेअरकडे वळणे महाग पडते. जाणूनबुजून अशी प्रत वापरल्यास कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब नुसार किमान ७ दिवस ते ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो.

तक्रार कोठे करावी

दुकानदाराने दिशाभूल केली असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर आणि त्याने न भागल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते. परवान्याचा भंग झाला म्हणून कॉपीराइटचा दावा लावणे हा मुख्यतः हक्कधारकाचा अधिकार आहे, त्यामुळे भंग आढळल्यास वाचकांनी त्या प्रोग्रामच्या मूळ प्रकल्पाला पुराव्यासह कळवावे. पॅकेजमधील पुस्तिका खरोखरच चुकून राहिली आहे असे वाटल्यास डेबियनमधील ‘रिपोर्टबग’ने तक्रार नोंदवावी आणि तीत पॅकेजचे नाव, आवृत्ती, दिलेली कमांड व पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा लिहावा, तत्पूर्वी त्या पॅकेजची कॉपीराइट फाइल वाचावी, कारण परवान्यामुळे काढलेल्या पुस्तिकेबद्दलची तक्रार २००६ च्या ठरावाकडे बोट दाखवून बंद केली जाण्याचीच शक्यता अधिक.